सातव्या ओवीपासून

खराडी, पुणे
९ जून २०२५

तीर्थरूप रंगनाथदादास,
मंदाकिनीचा नमस्कार.

फोनवर तू माझे अर्धे ऐकतोस आणि न ऐकलेल्या अर्ध्यावर आक्षेप घेतोस. पण हे पत्र त्यासाठी नाही. पणजोबांचा नियमच आहे की नेम सोपवायचा तर स्वहस्ते लिहून सोपवावा आणि घेणाऱ्याने स्वहस्ते लिहून घ्यावा. म्हणून लिहिते: माझा नेम काही काळ तुझ्याकडे सोपवण्याची माझी इच्छा आहे.

कारण तुला ठाऊक आहे, तरी विनंतीसोबत कारण असावे. प्रियदर्शनीचे डायलिसिस आता आठवड्यातून तीन वेळा असते. मंगळवार, गुरुवार, शनिवार. तिची पाळी दुपारी चारची. चार तास यंत्रावर, मग सुया काढल्यावर हात दाबून बसणे, मग रिक्षा. घरी येईपर्यंत दिवेलागण कधीच होऊन गेलेली असते. उरलेल्या दिवशी ती लॅपटॉप उघडून ऑफिसचे काम करते आणि मी तिचे पाणी मोजते. दिवसाला एक लिटर, त्यात चहा आला, आमटीही आली. खडकवासल्यात किती पाणी उरले ते वर्तमानपत्र रोज छापते. माझ्या लेकीच्या वाट्याचे किती उरले ते मी फ्रिजवर लिहून ठेवते.

लग्नापासून सत्तेचाळीस वर्षे रोज दिवा लावून अकरा ओव्या म्हटल्या. आजवर दोनदाच सोपवल्या. बाळंतपणात आईकडे, आणि हे गेले तेव्हा तेरा दिवस प्रेमलावहिनीकडे. वहिनी होत्या तोवर मला विचार करावा लागत नव्हता. तिसरा नियम तुला पाठ आहे: ज्याचा स्वतःचा नेम चालू आहे, त्यानेच दुसऱ्याचा घ्यावा. असा आता घरात तू एकटाच उरलास.

मला वेळ मिळत नाही, एवढेच कारण आहे. दुसरे काही समजू नकोस.

तुझी,
मंदा

•

नारायण पेठ, पुणे
१४ जून २०२५

चि. मंदाकिनीस,
आशीर्वाद.

तुझे पत्र काल मिळाले. खराडीहून नारायण पेठेत येण्यास त्याला चार दिवस लागले. ते स्वतः चालत निघाले असते तर त्याच संध्याकाळी जिना चढले असते.

विनंती स्वीकारतो. ही स्वीकृती स्वहस्ते लिहिली आहे, हे अक्षरावरून कळेलच. इतके वाईट अक्षर काढणारे यंत्र अजून निघालेले नाही.

तथापि काही गोष्टी आरंभीच स्पष्ट असाव्यात. प्रतिनिधी हा दुसऱ्याच्या वतीने बोलतो. वकील अशिलाची बाजू मांडतो तेव्हा त्याचे स्वतःचे मत कोणी विचारत नाही, आणि त्याने ते सांगूही नये. मी तुझ्या अकरा ओव्या तुझ्या नावाने, आहेत तशा म्हणेन. पणजोबांच्या त्या रचनेत आरंभापासून अखेरपर्यंत स्तुतीच आहे, मागणे एकही नाही. प्रियदर्शनीसाठी मी आपले म्हणून काही मागावे अशी तुझी अपेक्षा असेल, तर ती पुरी होणार नाही. मजकुरात भर घालण्याचा अधिकार प्रतिनिधीला नसतो.

तिसरा नियम वाचला.

आज सायंकाळी आरंभ करतो. प्रियदर्शनीला सांग की मामा तिची चौकशी करतो, आणि चौकशीखेरीज त्याला फारसे काही करता येत नाही हे त्याला समजते.

रंगनाथ

•

खराडी
२ जुलै २०२५

तीर्थरूप दादास,
नमस्कार.

तुझे पत्र प्रियदर्शनीला वाचून दाखवले. ती म्हणाली, "आई, मामाने होकार दिलाय की नोटीस पाठवलीय?" पुष्कळ दिवसांनी हसली, तेव्हा नोटीस कामी आली म्हणायची.

माझे एक काम हलके झाले. डायलिसिसच्या खोलीत नातेवाइकांना आत बसू देत नाहीत. बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. आम्ही सात-आठ जण तिथे रोजचेच. कोणी विणते, कोणी मोबाईलवर मालिका पाहते. भिंतीवरच्या घड्याळात सात वाजले की मी मनात म्हणते, आता दादाने दिवा लावला असेल. आधी स्वतःच्या अकरा, मग माझ्या. क्रम असाच ठेवला आहेस ना? वहिनी तसाच ठेवायच्या.

वहिनी गेल्यावर मला तुझी काळजी वाटत होती. आता वाटत नाही. तुझ्या पत्रात एक ओळही ओली नव्हती, आणि त्यामुळेच धीर आला. जो माणूस बायको गेल्यावरही पणजोबांच्या नियमांची उठाठेव करतो, त्याचा नेम पक्का असणार. देवाशी भांडण झालेला माणूस इतका नीटनेटका लिहीत नाही.

मंदा

•

नारायण पेठ
८ जुलै २०२५

चि. मंदाकिनीस,
आशीर्वाद.

अहवाल असा: चौदा जूनपासून काल सायंकाळपर्यंत तुझा नेम एकही दिवस चुकलेला नाही. वेळ सातची. तेल संपले होते ते एक दिवस तुपावर भागवले. परवा शेजाऱ्यांनी ओव्या चालू असतानाच घंटा वाजवून वीजबिल आणून दिले. त्यांना उभे ठेवून अकरावी पुरी केली. ते आता माझ्याशी बोलत नाहीत. हाही एक लाभच.

क्रमाविषयी विचारलेस. तुझ्या ओव्या पहिलीपासून अकरावीपर्यंत क्रमानेच म्हटल्या जातात.

स्वयंपाकाच्या चंद्रभागाबाई भाजी परतताना ऐकतात. वीस वर्षे या घरात काम केल्यामुळे त्यांना त्या पाठ झाल्या आहेत, आणि माझा आवाज कोठे बसतो हे सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे असे त्या समजतात. त्यांनी एक प्रश्नही विचारला. त्याचे उत्तर मी दिले नाही. विशेष काही नाही.

देवाशी भांडण झालेला माणूस नीटनेटका लिहीत नाही, हे तुझे विधान तपासून पाहा. त्याला आधार नाही.

रंगनाथ

•

खराडी
२९ जुलै २०२५

दादा,

थोडेच लिहिते. मागच्या शनिवारी प्रियदर्शनीच्या हातातला फिस्टुला बंद पडला. ज्या शिरेतून रक्त यंत्रात जाते, तिच्यात गुठळी झाली. आता मानेत नळी बसवली आहे. नवा फिस्टुला दुसऱ्या हाताला करतील, तो वापरायला यायला दोन महिने. तोवर मान वळवायची नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचे नाही. काल तिचे केस ओल्या टॉवेलने पुसून काढले. अडतीस वर्षांची बाई लहान मुलीसारखी स्टुलावर बसून होती.

तू येऊ नकोस. नदीपात्रातला रस्ता पाण्याखाली आहे असे ऐकते, आणि तुझे गुडघे मला माहीत आहेत.

मी काही करीत नाही. वाट पाहते. घरात एकच गोष्ट धड चालली आहे, ती म्हणजे संध्याकाळी सातला तू. माझ्या नावाने कोणीतरी खऱ्या विश्वासाने त्याच्यापुढे उभे आहे, एवढ्यावर मी दिवस काढते. तुझा विश्वास ढळला नाही, म्हणून मला ढळण्याची सवड मिळाली. हे लिहायचे नव्हते. लिहिले गेले.

मंदा

•

नारायण पेठ
६ ऑगस्ट २०२५

चि. मंदाकिनीस,
आशीर्वाद.

तुझ्या पत्रातील एक विधान असत्य आहे, आणि ते असत्य राहण्यास मी कारण झालो आहे. ते दुरुस्त केल्यावाचून पुढील पत्र लिहिता येणार नाही.

माझा नेम चालू नाही. गेल्या वर्षी अकरा ऑगस्टला तो थांबला. त्या सायंकाळी रुग्णालयात प्रेमलेच्या उशाशी बसून मी रोजच्याप्रमाणे ओव्या म्हणत होतो. तिला ऐकू येत होते असे मानण्यास जागा होती. सहावी संपली. सातवी सुरू करण्यापूर्वी मी श्वास घेतला आणि पाहिले, तर तिने घेतलेला नव्हता. मी परिचारिकेला बोलावण्यास उठलो. परत येऊन बसलो नाही. दुसऱ्या दिवशी बसलो नाही. तेराव्यानंतरही बसलो नाही. ठरवून थांबलो असतो तर कारणे दिली असती, आणि कारणे खोडून काढता येतात. मी फक्त उठलो होतो.

पुढे सातवी ओवी मनात म्हणून पाहिली. तुला आठवावी म्हणून उतरवतो:

दिधले तेही तुझेच होते ।
नेले तेही तुझेच होते ।
मध्ये चार दिवस माझे होते ।
हेचि पुष्कळ ॥

पस्तीस वर्षे मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले. 'पुष्कळ' हा येथे निष्कर्ष आहे, आणि वरच्या तिन्ही ओळींतून तो निघत नाही. त्याच ओळींतून 'हे फार थोडे' असाही निष्कर्ष कोणी काढला, तर त्याला चूक ठरवता येणार नाही. ज्याला जे वाटत नाही, ते त्याने देवासमोर म्हणणे ही खोटी साक्ष होय. मी साक्ष देणे थांबवले.

मग तुझे पत्र आले. तिसऱ्या नियमाप्रमाणे मी नकार द्यायला हवा होता. नकाराचे कारण सांगावे लागले असते, आणि तुझ्या घरात त्या वेळी आणखी एका कारणाला जागा नव्हती, असे मी स्वतःला समजावले. खरे कारण लाज हेही असू शकते.

गेले त्रेपन्न दिवस मी तुझ्याच ओव्या म्हणतो, माझ्या नव्हे. चंद्रभागाबाईंच्या ते दुसऱ्याच आठवड्यात ध्यानात आले. "सर, पूर्वी बाई दोनदा म्हणायच्या, दुसऱ्याचं असलं की. तुम्ही एकदाच म्हणता. हे कुणाचं?" मी म्हटले, "बहिणीचं." त्या कढईत उलथणे फिरवत म्हणाल्या, "मग तुमचं कोण म्हणतं?" हाच तो प्रश्न, ज्याचे उत्तर मी दिले नाही.

एक निरीक्षण केवळ नोंदीसाठी लिहितो. तुझ्या नावाने सातवी म्हणताना मी अडखळत नाही. यावरून काय सिद्ध होते, ते मला ठाऊक नाही.

नियमांत पळवाट आहे का ते पणजोबांची वही काढून दोनदा पाहिले. नाही. तिसऱ्या नियमाप्रमाणे माझी स्वीकृती मुळातच अवैध होती, म्हणून तुझा नेम चौदा जूनपासून खंडित आहे. हे तुला आज, अशा दिवसांत कळवावे लागते. क्षमेची मागणी करीत नाही. मागणे हा माझा विषय नव्हे.

रंगनाथ

•

नारायण पेठ
२८ ऑगस्ट २०२५

चि. मंदाकिनीस,
आशीर्वाद.

तुझे उत्तर नाही. फोन तू उचलला नाहीस. प्रियदर्शनीने उचलला आणि "आई कामात आहे" असे सांगितले. तिचा आवाज पूर्वीपेक्षा बरा वाटला, किंवा माझे कान पूर्वीपेक्षा वाईट झाले.

काल गणपती बसले. गल्लीत ढोल सुरू आहेत, त्यामुळे सातच्या सुमारास मला स्वतःचाही आवाज ऐकू येत नाही. तरीही तुझ्या ओव्या म्हणत आहे. अवैध ठरलेले काम का चालू ठेवले, असे विचारशील. पुढील सूचना आली नाही म्हणून. थांब म्हणालीस की थांबेन.

पत्रास उत्तर द्यावे असा आग्रह नाही. कोऱ्या कार्डावर 'थांब' एवढेच लिहिलेस तरी पुरे.

रंगनाथ

•

खराडी
९ सप्टेंबर २०२५

दादा,

तुझे सहा ऑगस्टचे पत्र वाचून मी ते तांदळाच्या डब्यात, तांदळाखाली ठेवले. रोज भातासाठी डबा उघडायची आणि रोज तुझ्यावर नव्याने चिडायची. इतकी वर्षे मुख्याध्यापिका होते. खोटे बोलणारी मुले मी ओळखत असे. सख्खा भाऊ ओळखता आला नाही.

मग एके दिवशी तांदूळ संपले, पत्र तळाशी दिसले, आणि मला माझे पत्र आठवले. 'वेळ मिळत नाही, एवढेच कारण आहे.' तू जे लपवलेस ते एका ओळीत, 'तिसरा नियम वाचला' म्हणून. मीही एकाच ओळीत लपवले होते. आपण एकाच बापाची मुले.

ऐक. तेवीस मेला सकाळी सहा वाजता रुग्णालयातून फोन आला. मूत्रपिंड मिळाले आहे, प्रतीक्षायादीतल्या चौघांना बोलावले आहे, उपाशीपोटी या. प्रियदर्शनी यादीत दुसरी होती. आम्ही दुपारपर्यंत बाकावर बसलो. मग एक परिचारिका येऊन म्हणाली, पहिल्या पेशंटला जुळले, तुम्ही घरी जा, आणि काही खाऊन घ्या. त्या पहिल्या मुलाची आई माझ्याजवळ आली. भली बाई. माझे दोन्ही हात धरून रडत म्हणाली, "देवाने ऐकलं हो माझं." मी म्हटले, "बरं झालं." खरोखर बरे झाले, त्या मुलाचे.

त्या संध्याकाळी दिवा लावला आणि पहिल्या ओवीचा पहिला शब्द तोंडातून निघेना. तिचा देव आणि माझा देव एकच असेल, तर त्याने तिचे ऐकले आणि माझेही ऐकले. तिला हो म्हटले आणि मला नाही. ज्याने नुकतेच तोंडावर नाही म्हटले, त्याची स्तुती कशी करायची? मी काडेपेटी जागेवर ठेवली आणि प्रियदर्शनीसाठी भाकरी केली. सतरा दिवस तशीच राहिले. मग तुला पत्र लिहिले. सोपवायला माझ्याकडे काही नव्हते, दादा. बंद पडलेला नेम मी बंद पडलेल्या माणसाकडे सोपवला, आणि दोघांनी एकमेकांना नीटनेटकी पत्रे लिहिली.

आता नियमांचे बोलू. तू वही दोनदा पाहिलीस, पण तिसऱ्या नियमापाशी थांबलास. चौथा वाच: खंड पडल्यास जेथे थांबला, तेथून पुढे म्हणून पुरा करावा. माझा कुठे थांबला? पहिल्या ओवीपाशी. तू माझ्यासाठी कुठून सुरुवात केलीस? पहिलीपासून. तेव्हा माझा झाला पुरा. तुझा सातवीपाशी थांबला.

गेल्या गुरुवारी गर्दी कमी होती. प्रियदर्शनीच्या मानेची नळी त्रास देत होती म्हणून परिचारिकेने मला आत तिच्याजवळ बसू दिले. सात वाजले. मी तुझे नाव घेतले आणि सातवीपासून सुरुवात केली. सातवी, आठवी, नववी, दहावी, अकरावी. माझ्या नावाने मला त्यातला एक शब्द म्हणता आला नसता. तुझ्या नावाने आला. तू जे नोंदीसाठी लिहिलेस ते खरे आहे, आणि त्यावरून काय सिद्ध होते ते मलाही ठाऊक नाही. फक्त सातवीच्या शेवटी वहिनी डोळ्यांपुढे आल्या. तुझी चूक काढून झाल्यावर हसायच्या तशा. त्या चार दिवसांत मीही होते, दादा. मला ते पुष्कळ वाटले. तुझ्या वतीने वाटले असे समज.

प्रियदर्शनीने डोळे न उघडताच म्हटले, "आई, जरा हळू. शेजारच्यांना वाटेल मी गेले."

मी म्हटले, "तुझ्यासाठी नाही. मामासाठी म्हणतेय."

"मामा आजारी आहे?"

"हो."

"कधीपासून?"

"वर्ष झालं."

तिने डोळे उघडून यंत्रावरची वेळ पाहिली. मग म्हणाली, "म्हण मग. मला अजून तासभर कुठे जायचंय?"

तेव्हा इथून पुढे व्यवस्था अशी: तू माझा नेम चालव, मी तुझा चालवते. स्वतःचा कोणीच म्हणायचा नाही. देवाशी ज्याचे त्याचे भांडण ज्याने त्याने हवे तितके दिवस ठेवावे. स्तुती मात्र अडवून धरायची नाही. घरी असले तर दिव्यापुढे म्हणेन, रुग्णालयात असले तर प्लास्टिकच्या खुर्चीत. तिसरा नियम यात मोडतो, हे मला दिसते. मी तो मोडते आहे. तुझी हरकत असल्यास लेखी कळव. अक्षर सुवाच्य असावे.

मंदा

•

नारायण पेठ
१५ सप्टेंबर २०२५

चि. मंदाकिनीस,
आशीर्वाद.

पत्र पोहोचले. या वेळी सहा दिवस लागले.

तिसऱ्या नियमावर विचार केला. घरात एक थकला तर दुसरा उभा असेल, असे गृहीत धरून पणजोबांनी तो लिहिला. सगळेच एकदम थकतील ही शक्यता त्यांना सुचलेली दिसत नाही. जो प्रसंग लिहिणाऱ्यासमोर नव्हता, त्यास नियम लावावा की नाही यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. मी बोलणार नाही. दमलो आहे.

तेवीस मेविषयी लिहिण्यासारखे माझ्याजवळ काही नाही. त्या बाकावर मी तुझ्याशेजारी असायला हवा होतो. यापुढे असा फोन आला तर रिक्षाने येईन. गुडघे माझे आहेत, त्यांचा निर्णय मी घेईन.

चंद्रभागाबाईंना त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आज दिले. म्हटले, "माझं खराडीला म्हटलं जातं." त्या म्हणाल्या, "हां. मग ठीक आहे. जेवून घ्या, निवतंय."

हरकत नाही.

आज सायंकाळी तुझ्या अकरा म्हटल्या. त्यानंतर नेहमीप्रमाणे लगेच उठलो नाही. सात वाजून गेले होते; तिकडे माझ्या चालू असतील असा हिशेब करून, त्या संपेपर्यंत बसून राहिलो. प्रियदर्शनी विचारील तर तिला सांग, मामाची तब्येत आहे तशीच आहे. नेम चालू आहे.

रंगनाथ